घरीं बांधावयाचें विमान
साधी लांकडी पेटी खिळे मारून ज्यास जोडतां येते, त्यास विमानहि बांधतां येईल, असें आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाचें म्हणणें होतें; आणि पुष्कळांनीं तें अक्षरशः खरें मानलें. 1933 च्या सप्टेंबरांत त्यानें स्वतः बांधलेलें एका माणसापुरतें चिमुकलें विमान उडालें. पुढच्याच वर्षीं तें बांधण्याची सर्व रीत त्यानें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. विमानाचें नांव ‘आकाशांतली ऊ’! इंग्रजांनीं तिची पिसू केली, इतकाच काय तो फरक.

सांगाडा लांकडाचा, पंखांवर कापड, पुढें मोटारसायकलच्या जातीचें अवघें 17 अश्वशक्तीचें एंजिन. नेहमींच्या विमानांत हातानें दांडा व पायांनीं सुकाणू चालवावें लागतें. मिन्येनें पायांचें कामच काढून टाकलें. पंख एकामागें एक असे दोन. दांडा ओढला कीं पुढच्या पंखाचा कल वाढून नाक वर यावें, बाजूस नेला कीं सुकाणू वळावें.

ऑगस्ट 1935 मध्यें त्यानें याच विमानांतून इंग्लिश खाडी ओलांडली. इंग्लंडांत मोटारखान्यांतून करवती वाजूं लागल्या. तयार भागांचे संचहि विक्रीस निघाले.

मग अपघात सुरू झाले. विमान नाक खालीं करून सूर मारी, तें वर येईना; माणसें प्राणांस मुकलीं. हौशी लोकांचें कच्चें काम, असें म्हणून मोकळें होणें सोपें होतें. पण 1936 मध्यें इंग्लंडांत फार्नबरो येथें, तसेंच फ्रान्समध्यें, विमान वाऱ्याच्या बोगद्यांत ठेवून पाहिलें, तेव्हां निराळेंच उमगलें. वाचकांनीं ही एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पुढच्या पंखाची मागली कड मागच्या पंखाच्या पुढल्या कडेवर येत असे. नाक बरेंच खालीं असतां दांडा ओढला, म्हणजे ती कड खालीं येऊन मधली फट अरुंद होई. तींतून वेगानें जाणारा वारा मागच्या पंखासच अधिक उचली. शेपूट वर, नाक आणखी खालीं! जिवाच्या आकांतानें ओढलेला दांडाच घात करी.

पोथीच्या मूळ प्रतींतच अशुद्ध पाठ असला, म्हणजे लेखनिक जितका प्रामाणिक तितका तो पाठ बिनचूक पुढें जातो. पुस्तकाबरहुकूम, मापांत केसाचा फरक न करतां बांधणाराहि त्याच दोषाचा धनी होई. पेटी वांकडी झाली तर तींत गहूं तरी भरतां येतात!

ब्रिटननें त्याच वर्षीं नवे परवाने देणें थांबविलें. मिन्येनें मात्र पंखांची मांडणी बदलून नवीं विमानें रचण्याचा उद्योग चालूं ठेवला. तो 1965 मध्यें वारला. त्याच धर्तीचीं, सुधारलेल्या पंखांचीं छोटीं विमानें फ्रान्समधील हौशी लोक अद्यापहि स्वतः बांधून उडवितात.