गावात मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि आपत्ती: गैरसमज व वस्तुस्थिती

गैरसमज: बीड दुष्काळी जिल्हा, इथे पूर कसला?
सप्टेंबर 2025 मध्ये आष्टी तालुक्यातल्या कड्याजवळ पुरात अडकलेल्यांना लष्कराच्या हेलिकॉप्टरने काढावं लागलं. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी तर शिवारात थेंब पडलेला नसतानाही जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातून सोडलेलं पाणी चढतं.

गैरसमज: म्हातारी माणसं घरात असली की सुरक्षित.
घर कसलं आहे, त्यावर ते ठरतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भागात भूकंपाने माणसं दगडमातीच्या भिंतींखाली झोपेतच गाडली गेली. बीडमधल्या जुन्या माळवदांनाही झडीचा धोका आहे. भिंत फुगली, माती झडू लागली, तर आजी-आजोबांचं अंथरूण त्याच दिवशी दुसरीकडे हलवा.

गैरसमज: वेळ आली तर पोरं आहेतच.
दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मागे उरतात म्हातारी आणि नातवंडं. 2014 मध्ये मराठवाड्याला झोडपणारी गारपीट फेब्रुवारी-मार्चमधली, म्हणजे टोळ्या बाहेर असतानाची.

गैरसमज: म्हातारं हट्टी असतं, घर सोडत नाही.
अनेकदा अडचण दावणीच्या गुरांची असते. गुरं कुठे बांधायची हे आधी ठरवलं, तर माणूस लवकर उठतो. बीपी-शुगरच्या गोळ्या, आधार कार्ड आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत तयार असावं.

गैरसमज: हे तहसीलचं काम.
जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 क्रमांक आहेच, पण मदत पोहोचेपर्यंतचा वेळ गावालाच निभवावा लागतो. शिवाय माहितीही गावातच आहे, फक्त विखुरलेली. निराधार आणि श्रावणबाळ योजनेची नावं तलाठ्याकडे, आजारी माणसं आशाताईंना ठाऊक, एकट्या राहणाऱ्या बाया बचत गटाला ठाऊक. अंबाजोगाईच्या ‘मानवलोक’सारख्या संस्थांचा निराधार वृद्धांशी जुना संबंध आहे. किल्लारीनंतर ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने गावातल्या बायांनी संवाद सहायक होऊन पुनर्बांधणीत लोक आणि प्रशासन यांना जोडलं. बीडमध्येही हे जमण्यासारखं आहे, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांनी मिळून अशा म्हाताऱ्या माणसांची एकच यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे हाकेच्या अंतरावरचा एक शेजारी लिहावा. वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप साध्या फोनवर चालत नाही, म्हणून तो इशारा घरी जाऊन सांगणाराही हाच शेजारी.

ही यादी 1 मेच्या ग्रामसभेत वाचा. 2 ऑक्टोबरला, टोळ्या निघण्याआधी, पुन्हा वाचा. ज्या नावापुढचा शेजारी तोडीला चालला असेल, तिथे दुसरं नाव लिहा.