ब्राउनीय गतीपासून विकल्पमूल्यापर्यंत : भौतिकशास्त्र व अर्थशास्त्रातील गणिती प्रतिमानांचा तौलनिक विचार

सारांश

पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणाची हालचाल आणि रोखे बाजारातील किमतीची हालचाल यांचे वर्णन विसाव्या शतकात एकाच गणिती समीकरणाने करण्यात आले. भौतिकशास्त्रात या समीकरणाने रेणूंचे अस्तित्व सिद्ध करण्यास मदत केली. अर्थशास्त्रात त्यातून विकल्पांचे मूल्य ठरविणारे सूत्र मिळाले; मात्र १९८७ व १९९८ मधील घटनांनी त्याच्या मर्यादाही उघड केल्या. गणित एकच असताना दोन्ही क्षेत्रांत त्याची विश्वसनीयता वेगळी का ठरते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजसंज्ञा : गणिती प्रतिमान, ब्राउनीय गती, विसरण, विकल्पमूल्य, प्रमाण विचलन, गृहीतक.

१. प्रस्तावना

निसर्गातील किंवा समाजातील एखादी गुंतागुंतीची घटना जशीच्या तशी गणितात उतरविता येत नाही. तिच्यातील असंख्य घटकांपैकी काही मोजके घटक निवडावे लागतात, उरलेले बाजूला ठेवावे लागतात आणि निवडलेल्या घटकांमधील संबंध समीकरणाच्या रूपात मांडावा लागतो. अशा मांडणीस गणिती प्रतिमान म्हणतात. प्रत्येक प्रतिमानात तीन गोष्टी असतात : बदलणाऱ्या राशी म्हणजे चल, ज्यांची मूल्ये बाहेरून पुरवावी लागतात ते प्राचल, आणि ज्यांवर सारी इमारत उभी असते ती गृहीतके. पहिल्या दोन गोष्टी समीकरणात डोळ्यांना दिसतात. तिसरी बहुधा दिसत नाही, आणि प्रतिमानाचे यशापयश मुख्यतः तिच्यावरच अवलंबून असते. हे स्पष्ट करण्यासाठी यादृच्छिक गतीचे प्रतिमान विशेष उपयुक्त आहे, कारण भौतिकशास्त्र व अर्थशास्त्र या दोन्ही विषयांत ते जवळजवळ एकाच काळात आणि परस्परांपासून स्वतंत्रपणे जन्मास आले.

२. पाण्यातील कण

इ. स. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना परागकणांतून बाहेर पडलेले सूक्ष्म कण पाण्यात अखंड व अनियमितपणे हलताना दिसले. हे कण सजीव असल्यामुळे हलत असावेत, ही शंका त्यानेच निर्जीव पदार्थांची पूड वापरून दूर केली. तरीही या गतीचे कारण पुढील अनेक दशके वादग्रस्त राहिले.

इ. स. १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी या गतीचे प्रतिमान मांडले. कणावर चोहोबाजूंनी पाण्याचे रेणू सतत आदळत असतात. प्रत्येक धक्का क्षुल्लक असतो, त्याची दिशा अनिश्चित असते आणि क्षणभरापूर्वीच्या धक्क्यांशी त्याचा संबंध उरत नाही. अशा असंख्य स्वतंत्र धक्क्यांची बेरीज केली असता कणाच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काळाच्या सम प्रमाणात वाढते. नाणे उडवून छाप पडल्यास एक पाऊल पुढे आणि काटा पडल्यास एक पाऊल मागे टाकणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतल्यास हे चटकन लक्षात येते. शंभर पावलांनंतर तो मूळ जागेपासून साधारणतः दहा पावलांच्या अंतरावर असतो, तर दहा हजार पावलांनंतर शंभर पावलांच्या. म्हणजे काळ शंभरपट झाला, तरी अंतर दहापटच वाढते. कण कोठे सापडण्याची शक्यता किती, हे सांगणारे समीकरण तेच ठरले, जे जोसेफ फूरिये यांनी १८२२ च्या ग्रंथात उष्णतेच्या वहनासाठी मांडले होते. तापलेल्या सळईत उष्णता जशी पसरते, तशीच कणाविषयीची संभाव्यता पसरते.

आइन्स्टाइन यांच्या लेखातील पुढचे पाऊल निर्णायक होते. कण किती वेगाने पसरेल हे ठरविणारा विसरण गुणांक त्यांनी पाण्याचे तापमान, पाण्याची श्यानता आणि कणाची त्रिज्या यांच्याशी जोडला. या तिन्ही राशी कणाची हालचाल न पाहताही स्वतंत्रपणे मोजता येतात. त्यामुळे प्रयोगाआधीच भाकीत करणे शक्य झाले : १७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात एक सहस्रांश मिलिमीटर व्यासाचा कण एका मिनिटात सरासरी सुमारे सहा सहस्रांश मिलिमीटर सरकेल. झां पेरँ यांनी १९०८ पासून केलेल्या प्रयोगांनी या सिद्धान्ताची पुष्टी केली. अणू-रेणूंच्या वास्तवतेविषयी साशंक असलेल्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यानंतर आपले मत बदलले. पेरँ यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

३. बाजारातील किंमत

आइन्स्टाइन यांच्या लेखाच्या पाच वर्षे आधी, मार्च १९०० मध्ये, लुई बॅशेलिये यांनी पॅरिस येथे सट्ट्याच्या सिद्धान्तावरील आपला प्रबंध सादर केला. विख्यात गणिती आंरी प्वँकारे हे त्यांचे मार्गदर्शक होते. प्रबंधाचा विषय पॅरिसच्या बाजारातील सरकारी रोख्यांच्या किमती हा होता. बॅशेलिये यांचा युक्तिवाद असा : ज्या क्षणी सौदा होतो, त्या क्षणी विकणाऱ्याला किंमत उतरेल असे वाटते आणि घेणाऱ्याला ती चढेल असे वाटते. बाजाराचे एकत्रित मत दोन्ही बाजूंना समतोल असते. म्हणून किमतीचा पुढील बदल हा यादृच्छिक मानावा. या गृहीतकावरून त्यांनीही संभाव्यतेच्या प्रसरणाचे तेच समीकरण मिळविले आणि किमतीचा संभाव्य पल्ला काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हा निष्कर्ष काढला.

या प्रबंधाकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष जाण्यास अर्धशतक लागले. दरम्यान नॉर्बर्ट वीनर यांनी १९२३ मध्ये ब्राउनीय गतीला काटेकोर गणिती पाया दिला आणि कियोशी इतो यांनी १९४४ पासून यादृच्छिक प्रक्रियांसाठी नवे कलनशास्त्र विकसित केले. बॅशेलिये यांच्या प्रतिमानात एक उघड उणीव होती. त्यानुसार किंमत शून्याखालीही जाऊ शकत होती. १९५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एम. एफ. एम. ऑसबर्न यांनी आणि १९६५ मध्ये पॉल सॅम्युएलसन यांनी किमतीऐवजी किमतीतील शेकडा बदलाला यादृच्छिक मानून ती दूर केली.

४. विकल्पाचे मूल्य

विकल्प म्हणजे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या किमतीला एखादा समभाग खरेदी करण्याचा किंवा विकण्याचा हक्क, बंधन नव्हे. जमिनीच्या व्यवहारातील इसाराशी त्याची तुलना करता येईल. इसार देणारा व्यवहारातून मागे हटला, तर त्याचे नुकसान बहुधा इसारापुरतेच मर्यादित राहते. फरक इतकाच, की इसार पुढे किमतीत वळता होतो, विकल्पासाठी दिलेली रक्कम मात्र होत नाही. या हक्काचे आज योग्य मोल किती, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता.

इ. स. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी आणि त्याच वर्षी स्वतंत्र लेखात रॉबर्ट मर्टन यांनी त्याचे उत्तर दिले. विकल्प आणि मूळ समभाग योग्य प्रमाणात, विरुद्ध बाजूंनी धारण केले आणि ते प्रमाण किमतीबरोबर सतत बदलत ठेवले, तर एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्याने भरून निघतो. अशा जोखीमरहित संचावर सुरक्षित व्याजदराइतकाच परतावा मिळाला पाहिजे. या अटीतून एक अवकल समीकरण मिळते, आणि चल बदलले असता ते फूरिये यांच्या उष्णतावहनाच्या समीकरणात रूपांतरित होते. मर्टन व शोल्स यांना या कार्यासाठी १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ब्लॅक यांचे १९९५ मध्ये निधन झाले होते. भारतात राष्ट्रीय शेअर बाजाराने ४ जून २००१ रोजी निर्देशांकावरील विकल्पांचे व्यवहार सुरू केले. तेव्हापासून हे गणित भारतीय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या व्यवहाराचाही भाग झाले आहे.

या सूत्राला पाच राशी लागतात : समभागाची आजची किंमत, ठरलेली किंमत, मुदत, व्याजदर आणि किमतीची चंचलता. पहिल्या चार राशी बाजारपत्रकात किंवा करारात वाचता येतात. पाचवी राशी मात्र कोठेही छापलेली नसते.

५. प्रतिमानाची मर्यादा

किमतीतील बदल असंख्य लहान व स्वतंत्र कारणांची बेरीज असतील, तर ते प्रसामान्य वितरण पाळतील. बेन्वा मांडेलब्रो यांनी १९६३ मध्ये कापसाच्या किमतींचा अभ्यास करून दाखवून दिले, की मोठे चढउतार या वितरणाच्या अपेक्षेहून कितीतरी अधिक वेळा घडतात. मुंबई शेअर बाजाराच्या संवेदी निर्देशांकाचे उदाहरण घेता येईल. दैनंदिन बदलाचे प्रमाण विचलन १.५ टक्के धरले, तर एका दिवसात १०.५ टक्क्यांहून मोठी घसरण ही सात प्रमाण विचलनांपलीकडची घटना ठरते. वर्षाला व्यवहाराचे २५० दिवस धरल्यास प्रसामान्य वितरणानुसार ती सुमारे तीनशे कोटी वर्षांत एकदा घडावी. प्रत्यक्षात २८ एप्रिल १९९२ रोजी १२.७७ टक्के, १७ मे २००४ रोजी ११.१४ टक्के, २४ ऑक्टोबर २००८ रोजी १०.९६ टक्के आणि २३ मार्च २०२० रोजी १३.१५ टक्के अशी घसरण झाली. अठ्ठावीस वर्षांत चार वेळा घडणाऱ्या घटनेला जे प्रतिमान अशक्यप्राय ठरविते, त्याचे गृहीतक तपासणे क्रमप्राप्त ठरते.

या प्रश्नाकडे भौतिकशास्त्रज्ञही वळले. १९९५ मध्ये कोलकाता येथील परिषदेत एच. यूजीन स्टॅन्ली यांनी या अभ्यासक्षेत्रासाठी 'इकॉनोफिजिक्स' ही संज्ञा वापरली. त्यांच्या गटाने अमेरिकी बाजाराच्या विपुल आकडेवारीवरून असे दाखविले, की मोठ्या चढउतारांची संभाव्यता घातांकी नियमाने घटते आणि तो घातांक तीनच्या आसपास असतो. म्हणजे दुप्पट मोठी घसरण आठपट दुर्मीळ असते. प्रसामान्य वितरणात मात्र पाच प्रमाण विचलनांवरून दहावर जाताना संभाव्यता कोट्यवधी कोटी पटींनी घटते. चेन्नई येथील गणितीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये भारतीय राष्ट्रीय शेअर बाजारातही हाच नियम आढळल्याचे दाखविले.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाउ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला. त्या काळी अनेक संस्था विकल्पाच्या सिद्धान्तावर आधारलेली संरक्षक पद्धत वापरीत असत. किंमत उतरली की ठरावीक प्रमाणात विक्री करावयाची, असे तिचे स्वरूप होते. एका संस्थेने असे करणे सुरक्षित होते. अनेकांनी एकाच वेळी केल्यावर विक्रीमुळे किंमत उतरली आणि किंमत उतरल्यामुळे आणखी विक्री झाली. प्रत्येक धक्का स्वतंत्र असतो हे गृहीतक, ते गृहीतक मानणाऱ्यांच्या वर्तनानेच मोडले. त्या घसरणीनंतर बाजारातील विकल्पांच्या किमतीही सूत्रापासून ढळल्या. मोठ्या घसरणीपासून संरक्षण देणारे विकल्प सूत्राच्या हिशेबाहून महाग विकले जाऊ लागले, आणि एकाच समभागाची चंचलता वेगवेगळ्या विकल्पांवरून वेगवेगळी येऊ लागली.

१९९४ मध्ये सुरू झालेल्या 'लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट' या निधीत मर्टन व शोल्स हे दोघेही भागीदार होते. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने सरकारी कर्जाची परतफेड थांबविल्यानंतर एकमेकांशी फारसा संबंध नसलेले मानले गेलेले बाजार एकाच दिशेने हलू लागले. उसनवारीवर उभा असलेला हा निधी त्या वर्षी सुमारे ४६० कोटी डॉलरांच्या तोट्यात गेला, आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने चौदा वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालावे लागले. गणितात चूक नव्हती. भूतकाळातील आकडेवारीवरून काढलेले परस्परसंबंध भविष्यातही टिकतील, हे गृहीतक टिकले नाही.

६. विश्वसनीयतेतील भेदाचे मूळ

दोन्ही प्रतिमाने शेजारी ठेवली असता भेद स्पष्ट होतो. आइन्स्टाइन यांच्या समीकरणात विसरण गुणांकाला बाहेरचा आधार आहे. तापमापकाने आणि श्यानतामापकाने मोजलेल्या राशींवरून तो काढता येतो. म्हणून भाकीत चुकले, तर ते चुकले असे निःसंदिग्धपणे म्हणता येते. विकल्पसूत्रात विसरण गुणांकाची जागा चंचलतेने घेतली आहे. तिचे मोजमाप करणारा कोणताही 'तापमापक' बाजाराबाहेर उपलब्ध नाही. ती एकतर मागील किमतींवरून काढावी लागते, नाहीतर विकल्पाच्या चालू किमतीवरून सूत्र उलटे चालवून मिळवावी लागते. दुसऱ्या पद्धतीत तर सूत्र त्या किमतीशी जुळणारच, कारण जुळेल अशीच राशी त्यात घातलेली असते.

दुसरा भेद प्रतिमानाच्या विषयाचा आहे. पाण्यातील रेणूंना आइन्स्टाइन यांच्या समीकरणाची वार्ता नसते. बाजारातील माणसे समीकरण वाचतात, त्यानुसार वागतात आणि त्यामुळे समीकरणाचा विषयच बदलतो.

७. समारोप

यावरून अर्थशास्त्रातील गणिती प्रतिमाने निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. विकल्पसूत्राने जोखमीविषयी बोलण्याची समान भाषा दिली, आणि सूत्रापासून किंमत कोठे व किती ढळते, ही माहितीही मोलाची असते. तथापि, वर्गात हे सूत्र शिकविताना पाच आकडे घालून सहावा आकडा काढण्याची रीत पुरेशी नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात समभागांशी निगडित वायदे व विकल्पांत व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या तोट्याची कारणे अनेक असली, तरी हा बाजार आता सामान्य घरांपर्यंत पोहोचला आहे हे त्यावरून दिसते.

अशा स्थितीत प्रत्येक प्रतिमानाला तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे आवश्यक आहे. यातील प्राचल प्रतिमानाबाहेर मोजता येतो काय? वगळलेले घटक खरोखर क्षुल्लक आहेत काय? आणि प्रतिमान सर्वांनी वापरले, तरी ते खरे राहील काय? पाण्यातील कणाच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी मिळतात. बाजाराच्या बाबतीत ती प्रत्येक वेळी नव्याने तपासावी लागतात. हे प्रश्न भौतिकशास्त्राच्या, गणिताच्या आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी एकत्र येऊन हाताळावेत असे आहेत, कारण त्यांपैकी कोणत्याही एका विषयाच्या अभ्यासक्रमात ते पूर्णपणे सामावत नाहीत.