कार्ब्युरेटरची काटकसर

बचत केवळ पासबुकातच होते असे नाही. ती घरातील नळाशी होते, विजेच्या बटणाशी होते आणि दारात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीतही होते. मात्र काटकसर आणि कंजुषी यांतील सीमारेषा फार पुसट असते. हा धडा मला चंडीगडच्या एका मिस्त्रींनी दिला.

२००३ साली बदलीमुळे मी पुण्याहून चंडीगडला आलो. सोबत आमची कार्ब्युरेटरची मारुती ८०० होती. पहिल्याच हिवाळ्यात तिची पेट्रोलची भूक वाढली. लिटरला सोळा किलोमीटर धावणारी गाडी बारावर आली. मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि घरकर्जाचा हप्ता सांभाळताना ही गळती जाणवू लागली. मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारातील एका वयोवृद्ध सरदारजींना मी सांगितले, ‘जेट बारीक करा, पेट्रोल कमी जाऊ द्या.’ ते हसून म्हणाले, ‘बाऊजी, घोड्याला उपाशी ठेवून मजल गाठता येत नाही. आधी त्याचे दुखणे पाहू.’

कार्ब्युरेटरचे काम समजण्यास अवघड नाही. अरुंद नळीतून हवा वेगाने जाते, तेथील दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढले जाते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागते. पेट्रोल अधिक झाले, तर काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते आणि पैसा धुराबरोबर जातो. पेट्रोल फारच कमी झाले, तर इंजिन झटके देते, तापते आणि व्हॉल्व्ह जळण्याची भीती असते. शिवाय जोर मिळावा म्हणून आपण अॅक्सिलरेटर अधिक दाबतो. वाचविलेले पेट्रोल असे परत जाते.

आमच्या गाडीत तीन दोष निघाले. थंडीत पहाटे ओढलेला चोक, तार ताठरल्यामुळे पूर्ण मागे जात नव्हता. एअर फिल्टर धुळीने भरला होता. फ्लोटची सुई झिजल्याने पेट्रोलची पातळी वाढत होती. मिस्त्रींनी जेट औषधाने धुऊन हवेच्या दाबाने साफ केले. त्यात तार मात्र घातली नाही, कारण पितळी छिद्र किंचित जरी रुंदावले, तरी मिश्रण कायमचे बिघडते. इंजिन गरम झाल्यावर त्यांनी आयडलिंगचा स्क्रू हलक्या हाताने जुळविला. खर्च बेताचा झाला आणि गाडी पुन्हा सोळाच्या आसपास आली.

शिमल्याला जाताना काय करावे, असेही मी विचारले. सुमारे २,२०० मीटर उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण आपोआप वाढते. दोन दिवसांच्या सहलीसाठी जेट बदलू नये. ओढ थोडी कमी वाटली तरी चालेल, असे त्यांचे मत पडले.

आज पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे सरासरी थोडी घटणारच. ते पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर व पडदे यांना त्रास देते. म्हणून हे भाग तपासून घ्यावेत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

कार्ब्युरेटरला दोष देण्यापूर्वी टायरमधील हवा, प्लग आणि अडकणारे ब्रेक अवश्य पाहावेत. पीयूसीचा कागदही वाचावा. भारत स्टेज निकषांपूर्वीच्या मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आकडा तिच्याजवळ पोहोचत असेल, तर पेट्रोल वाया जात आहे असे समजावे. टाकी काठोकाठ भरून पुढच्या भरण्यापर्यंतचे किलोमीटर वहीत नोंदवावेत. ही वहीसुद्धा एक पासबुकच आहे.

निवृत्तीनंतरही आमची मारुती दारात उभी आहे. १५ वर्षांनंतरचे नोंदणी नूतनीकरण करताना प्रत्येक वेळी मिस्त्रींचे बोल आठवतात. खर्च टाळणे ही बचत नव्हे. योग्य ठिकाणी, योग्य प्रमाणात केलेला खर्च हीच खरी बचत, हे आपणा बँकपरिवाराला वेगळे सांगावयास हवे काय?