कंट्रोलच्या नळीतच काप पडला तर?

पेशीत टी-आरएनए तयार होऊन येत नाही. जनुकावरून आधी लांब, कच्चा रेणू उतरतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना जादा तुकडे असतात. ते छाटल्याशिवाय तो अमिनो आम्ल वाहून न्यायच्या कामाचा नाही. यातला ५ प्राइम बाजूचा तुकडा अगदी ठरलेल्या जागी कापतं ते एन्झाइम म्हणजे आरनेझ-पी.

ई. कोलाय जिवाणूत आरनेझ-पीचे दोन भाग आहेत: ३७७ न्यूक्लिओटाइडचा आरएनए आणि एक छोटंसं प्रथिन. आरएनए नष्ट केला की काम थांबतं, हे १९७८ मध्ये दिसलं होतं. तरी कापणारं प्रथिनच असणार, असं बहुतेकांनी धरलेलं. तेव्हा एन्झाइम म्हणजे प्रथिन, हे समीकरणच होतं ना!

१९८३ मध्ये येल विद्यापीठातल्या सिडनी ऑल्टमन यांच्या गटाला दिसलं की मॅग्नेशियम जास्त असलेल्या बफरमध्ये नुसता आरएनएसुद्धा काप घेतो. म्हणजे ज्या नळीत प्रथिन नाही, जिथे काहीच घडू नये, तिथेच काम झालं!

आता तुम्ही त्या जागी आहात असं समजा. पहिली शंका काय येईल? नमुन्यात प्रथिनाचा अंश राहिला असेल. ही शंका रास्तच आहे. म्हणून १९८४ मध्ये त्यांनी आरएनए पेशीतून न काढता नळीतच तयार केला. या आरएनएला जिवाणूतल्या त्या प्रथिनाचा स्पर्शच नव्हता. तरीही काप पडला. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ऑल्टमन आणि थॉमस चेक यांना मिळालं, ते आरएनएच्या याच गुणाच्या शोधासाठी.

मग प्रथिन बिनकामाचं का? नाही. पेशीत मॅग्नेशियम इतकं नसतं. तिथे त्याच्या मदतीशिवाय भागत नाही.

गोष्ट इथेही संपत नाही. 'आरनेझ-पी म्हणजे आरएनए' हे नवं समीकरण रुळलं, आणि २००८ मध्ये माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातलं आरनेझ-पी नुसत्या तीन प्रथिनांचं निघालं. आरएनए नाहीच! काम तेच, घडण वेगळी.

तेव्हा उद्या तुमच्या कंट्रोलमध्ये नको तो पट्टा दिसला, तर जेल लगेच फेकू नका आणि लगेच नाचूही नका. आधी विचारा: ही भेसळ असेल, तर ती पकडणारा प्रयोग कोणता? तो करा, मग बोला.