इंग्रजीतील वाक्प्रचारी क्रियापदे व सर्वनामे

मूळ क्रियापदाला एखादे क्रियाविशेषण वा शब्दयोगी अव्यय जोडले जाऊन दोहोंचा मिळून जेव्हा एकच अर्थ सिद्ध होतो, तेव्हा त्या समूहास इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ अर्थात वाक्प्रचारी क्रियापद म्हणतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणे व ‘अप’ म्हणजे वर. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. घटकशब्दांच्या अर्थांची बेरीज करून हा अर्थ हाती येत नाही. लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या वर्ड्‌स अँड इडिअम्स (१९२५) या ग्रंथामुळे ही संज्ञा रूढ झाली. ती हेन्‍री ब्रॅडली या कोशकारांनी सुचविली होती. या क्रियापदांचे कर्म सर्वनाम असेल, तर त्याचे वाक्यातील स्थान कोणते, हा मराठी भाषकास विशेष अडचणीचा वाटणारा प्रश्न आहे.

प्रकार व नियम : कर्माच्या दृष्टीने या क्रियापदांचे चार प्रकार करता येतात. (१) ‘गेट अप’ (उठणे) यासारखी अकर्मक क्रियापदे. यांत कर्माचा प्रश्नच उद्‌भवत नाही. (२) ज्यांत दुसरा शब्द क्रियाविशेषण असतो, अशी सकर्मक क्रियापदे, उदा., ‘टर्न ऑफ’ (बंद करणे). कर्म नाम असेल, तर ‘टर्न ऑफ द फॅन’ व ‘टर्न द फॅन ऑफ’ या दोन्ही रचना शुद्ध होत. नामाच्या जागी पुरुषवाचक सर्वनाम आल्यास मात्र ते मध्येच घालावे लागते : ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ ही रचना अशुद्ध ठरते. (३) ज्यांत दुसरा शब्द शब्दयोगी अव्यय असतो, अशी क्रियापदे, उदा., ‘लुक आफ्टर’ (सांभाळ करणे). येथे नाम असो वा सर्वनाम, ते अव्ययानंतरच येते : ‘लुक आफ्टर हर’. (४) तीन शब्दांची क्रियापदे, उदा., ‘पुट अप विथ’ (सहन करणे). यांतही सर्वनाम शेवटी येते : ‘पुट अप विथ इट’. ‘एव्हरीथिंग’, ‘माइन’ यांसारखी अनिश्चित व स्वामित्वदर्शक सर्वनामे मात्र दुसऱ्या प्रकारातही नामाप्रमाणेच दोन्ही जागी चालतात.

नियमाचे कारण : इंग्रजी वाक्यात नवी वा महत्त्वाची माहिती सामान्यतः शेवटाकडे येते आणि तेथेच आघात पडतो. पुरुषवाचक सर्वनाम आधी उल्लेखिलेल्या वस्तूचा निर्देश करते. त्यात नवे काही नसते व ते आघातहीन उच्चारले जाते. म्हणून ते मध्ये सरकते आणि ‘ऑफ’ या शब्दास शेवटचे साघात स्थान मिळते. ‘लुक ॲट हिम’ (त्याच्याकडे पाहा) यातील ‘ॲट’ची गोष्ट वेगळी आहे. त्याचा संबंध पुढील सर्वनामाशी असल्यामुळे त्यास सर्वनामाच्या आधीच राहावे लागते. दुसरा शब्द क्रियापदाचा सोबती आहे की सर्वनामाचा, हे ओळखण्याची कसोटी म्हणूनच सर्वनामाच्या स्थानाकडे पाहिले जाते.

अर्थभेद : काही वेळा या स्थानावर वाक्याचा अर्थच अवलंबून असतो. ‘सी थ्रू हिम’ म्हणजे त्याचे ढोंग ओळखणे, तर ‘सी हिम थ्रू’ म्हणजे अडचणीतून पार पडेपर्यंत त्याला साथ देणे. शब्द तेच, पण एका रचनेत अविश्वास, तर दुसरीत आधार व्यक्त होतो. अशा ठिकाणी चूक केवळ व्याकरणाची राहत नाही.

मराठीशी तुलना : मराठीत कर्म नाम असो वा सर्वनाम, ते क्रियापदापूर्वीच येते : ‘पंखा बंद कर’, ‘तो बंद कर’. शिवाय संदर्भ स्पष्ट असल्यास सर्वनाम गाळून नुसते ‘बंद कर’ म्हणण्याचीच अधिक रूढी आहे. यातून मराठी भाषकाच्या इंग्रजीत दोन प्रकारचे दोष उद्‌भवतात : सर्वनाम गाळून नुसते ‘टर्न ऑफ’ म्हणणे किंवा आठवण होताच ते शेवटी जोडून ‘टर्न ऑफ इट’ म्हणणे. मराठीत पंखा ‘तो’ व खिडकी ‘ती’ असते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंसाठी ‘इट’ व अनेकवचनी ‘देम’ वापरतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

तथापि, अशी अर्थरचना मराठीस अगदी परकी नाही. ‘खाऊन टाकणे’, ‘फेकून देणे’, ‘लिहून घेणे’ या संयुक्त क्रियापदांत दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ बाजूस ठेवून पूर्णता, त्याग वा स्वहित अशी छटा देते. ‘ईट इट अप’ व ‘खाऊन टाक’ यांत ‘अप’ आणि ‘टाक’ यांचे कार्य बरेचसे सारखे आहे. वैदिक भाषेत उपसर्ग क्रियापदापासून दूरही येऊ शकत. पाणिनीने हे वैशिष्ट्य नोंदविले आहे. पुढे अभिजात संस्कृतात ते क्रियापदास कायमचे जोडले गेले. आहार, विहार, प्रहार व संहार या मराठीत रुळलेल्या शब्दांत धातू एकच आहे. उपसर्गाने अर्थ पालटला आहे.

दैनंदिन वापर : महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. त्यामुळे या क्रियापदांचा परिचय लहान गावांतही लवकर होतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांतील व्यवहारांतून त्यांची सोपी उदाहरणे घेता येतील. दौंड हे रेल्वेचे जंक्शन आहे. गाडीतून स्वतः उतरणे म्हणजे ‘गेट ऑफ इट’, तर ट्रंक गाडीतून खाली उतरविणे म्हणजे ‘गेट इट ऑफ’. पाहुण्यास फलाटावर निरोप देणे ‘सी हिम ऑफ’ आणि मुलीला शिरूरच्या एस. टी. स्थानकावर सोडणे ‘ड्रॉप हर ऑफ’ होय. शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे व दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. अशा ठिकाणी यंत्र बंद करण्याची सूचना ‘स्विच इट ऑफ’ व हातमोजे काढण्याची ‘टेक देम ऑफ’ अशी द्यावी लागेल. ‘स्विच ऑफ’ एवढेच म्हटल्यास कोणते यंत्र, हे प्रसंगावरून ताडावे लागते.

अध्ययनाच्या दृष्टीने केवळ ‘टर्न ऑफ’ अशी जोडी पाठ करण्यापेक्षा ‘टर्न इट ऑफ’ व ‘लुक आफ्टर इट’ अशी सर्वनामासह रूपे पाठ करणे अधिक उपयुक्त ठरते. कारण त्यामुळे क्रियापदाचा अर्थ व त्याचा प्रकार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात राहतात.