मोटारसायकलच्या सुट्या भागांचे दुकान

दूधवाला, शेतकरी, शिक्षक या साऱ्यांना मोटारसायकल आता नित्याची झाली आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावी सुट्या भागांचे दुकान काढण्याकडे आयटीआय झालेल्या तरुणांचा ओढा दिसतो. अशा दुकानाचे भांडवल बहुधा न खपणाऱ्या मालात अडकते. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, केबल हे झिजणारे भाग. परिसरात कोणत्या गाड्या अधिक आहेत हे पाहूनच ते भरावेत.

सजावटीच्या कामाचे आकर्षण मोठे, पण धोकाही तेथेच. सीटचे आवरण बदलणे निराळे, कर्कश सायलेन्सर बसविणे किंवा चासी कापणे निराळे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याबद्दल वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुकानदारही सुटत नाही. सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला भाग निकृष्ट प्रतीचा विकल्यास दर भागामागे १ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. गिऱ्हाइकाच्या आग्रहाची सबब तेथे चालत नाही.

एक-दोन कामगारांच्या दुकानास २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली नोंदणीची गरज नाही, केवळ सूचना पुरते.