लहान कंपनीतील नोकरी : ओळख आणि पडताळणी

देवगाव फाट्यावर जालन्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणांच्या मनात बहुधा दोनच वाटा असतात : स्पर्धा परीक्षा, नाहीतर मोठा कारखाना. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यातील कित्येक घरांत ‘कंपनी’ या शब्दाला तोच अर्थ चिकटला. मात्र अशा कारखान्यांना सुटे भाग पुरविणारी, साचे घडविणारी छोटी वर्कशॉपे वाळूज-चिकलठाण्यात आहेत. जालन्यात सळयांच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांचे उद्योग आहेत. दहा-वीस माणसांच्या अशा ठिकाणी नोकरी कशी मिळते, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

ती जाहिरातीने क्वचितच मिळते. जागा रिकामी झाली की मालक सुपरवायझरला विचारतो, “ओळखीचा कोणी पोरगा आहे का?” सुपरवायझर भाच्याचे, गाववाल्याचे नाव सांगतो. त्यात दुष्ट हेतू असतोच असे नाही. पण ज्यांचे कोणी आधीपासून आत नाही, ते बाहेरच राहतात. खाजगी कंपनीत आरक्षणाचा आधारही नसतो. ही गोष्ट जुनीच आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती असे आणि चांगल्या पगाराचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते; १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे २००७ मध्ये डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे अर्ज खाजगी कंपन्यांना पाठविले असता, दलित आडनावाच्या अर्जांना उच्चवर्णीय आडनावांच्या अर्जांपेक्षा बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली.

म्हणून केवळ अर्ज पाठवून थांबू नये. काम दाखविण्याची संधी मिळवावी. शिकाऊ उमेदवारी (आपण तिला अ‍ॅप्रेंटिसशिप म्हणतो) ही त्यातली उत्तम वाट. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कामगारांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. विद्यावेतन थोडे असते, परंतु वर्षभर मालकाच्या डोळ्यांसमोर काम करणाऱ्याला शिफारशीची गरज उरत नाही. शिवाय लहान जागी एकाच माणसाला लेथही चालवावा लागतो, मालही मोजून घ्यावा लागतो, प्रसंगी चलनही लिहावे लागते. हे शिक्षण मोठ्या कारखान्यात इतक्या लवकर मिळत नाही.

नोकरी मिळाली म्हणजे सर्व झाले असे मात्र नव्हे. कामगार किती, हा पहिला प्रश्न विचारावा, कारण कायद्याचे संरक्षण त्यावर अवलंबून आहे. भविष्य निर्वाह निधी वीस कामगारांपासून लागू होतो, राज्य कामगार विमा व ग्रॅच्युइटी दहापासून. विम्यासाठी पगाराची मर्यादा साधारणतः दरमहा २१,००० रुपये आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात आणि त्यात कुटुंबाच्या उपचारांचीही सोय आहे. पगारातून पीएफ कापला जातो एवढ्यावर विश्वास ठेवू नये. यूएएन क्रमांक मागून घ्यावा आणि पासबुकात रक्कम जमा होते का, ते दर महिन्याला मोबाइलवर पाहावे. नेमणूकपत्र आणि बँकेतून पगार या दोन मागण्या संकोच न करता कराव्यात. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी यांतले बरेचसे संरक्षण नसते, तेव्हा पगार ठरविताना ते हिशेबात धरावे.

राहिला ओळखीचा प्रश्न. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज जिथे जिथे कामाला आहेत, तिथला सुपरवायझर उद्या त्यांनाही तोच प्रश्न विचारणार आहे. त्यांनी जागा निघाल्याचे शाळेत कळवावे. शाळेने एक वही ठेवावी. तीत मुलाचे नाव, शिक्षण आणि त्याला कोणते यंत्र चालविता येते, एवढेच लिहावे. शिफारस करताना मुलाला काय येत नाही तेही सांगून टाकावे. पहिली शिफारस खरी निघाली, तरच मालक दुसऱ्या वेळी विचारतो.